वृक्षांची सहनशीलता आणि आपली जबाबदारी

कन्हैयालाल मुन्शी केंद्रीय अन्न व शेती मंत्री असताना 1950 साली त्यांनी वनमहोत्सवाची प्रथा पाडली. तेव्हापासून दर पावसाळ्यात खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात आणि त्यांचे आकडे प्रसिद्ध होतात. मात्र कोणते झाड कोठे लावावयाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शहरांच्या दूषित हवेत तो टाळून चालणार नाही. कारण सर्वच झाडे धूर आणि धूळ सारख्याच धीराने सोसत नाहीत.

इंग्लंडने हा धडा एकोणिसाव्या शतकातच घेतला. कोळशाच्या काजळीने लंडनमधील अनेक झाडे खुरटली. प्लेन वृक्ष मात्र तगला. त्याची साल ढलप्यांनी गळते आणि तिच्याबरोबर काजळीही जाते, हे त्याच्या चिवटपणाचे एक कारण मानले जाते. आपल्या देशात 1983 साली सिंग आणि राव या संशोधकांनी अशी सहनशक्ती मोजणारा निर्देशांक सुचविला. पानांतील क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पाण्याचे प्रमाण आणि रसाची आम्लता या चार गोष्टींवरून तो काढतात. या कसोटीला वड, पिंपळ, आंबा ही आपली परिचित झाडे बहुधा चांगली उतरतात. तथापि स्थळ आणि ऋतू बदलले की त्याच झाडाचा निर्देशांकही बदलतो. म्हणून परगावची यादी डोळे मिटून उतरवून घेणे शहाणपणाचे नव्हे.

गोमंतकात पावसाळ्याचे चार महिने पाने धुऊन निघतात. उरलेल्या काळात धूळ पानांवर साचते, पर्णरंध्रे बुजविते, सूर्यप्रकाश अडविते. मुरगाव बंदरातील कोळशाच्या धुळीविषयी वास्कोचे नागरिक वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडीत आले आहेत. तेथे हिरवा पट्टा अवश्य हवा. परंतु धुळीला उगमापाशीच रोखण्याचे काम तो करू शकणार नाही. सहनशील झाड म्हणजे दूषित हवेतही जगणारे झाड. ती हवा शुद्ध झाल्याची हमी नव्हे. अरुंद रस्त्यावर तर दाट पर्णभार वाहनांचा धूर खालीच कोंडून ठेवतो.

तेव्हा नगरपालिकांनी कोणत्या रस्त्यावर कोणती झाडे तगली आणि कोणती वाळली, याची नोंद ठेवून तीवरून निवड करावी. राज्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा 1984 पासून आहे. जुना वड तोडून त्याच्या जागी लावलेली चार रोपे कागदोपत्री भरपाई करतील. त्याची सावली आणि त्याचा पर्णविस्तार यांची भरपाई व्हावयास एक पिढी जावी लागेल.

नाजूक झाडांची करपलेली पाने हा वेळीच मिळालेला इशारा असतो. ती झाडे काढून तेथे चिवट झाडे लावली की तक्रार दिसेनाशी होते, तिचे कारण तसेच राहते. पिंपळ ही हवा कदाचित सोशील. त्याच्या छायेत उभ्या असलेल्या शाळकरी मुलांच्या फुफ्फुसांकडून मात्र तशी अपेक्षा शासनाने धरू नये.