अर्ज भरू द्या!

नगरपालिका निवडणुकीत माघार घेण्याची मुदत शुक्रवारी, २१ नोव्हेंबर २०२५ ला संपली. मतदान २ डिसेंबरला ठरले होते, पण कित्येक ठिकाणचा निकाल त्याआधीच लागला. जामनेरला मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी बिनविरोध नगराध्यक्ष, दोंडाईच्यात मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री बिनविरोध नगराध्यक्ष. सोलापूर जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत सदस्यांच्या सतराही जागा बिनविरोध, आणि नगराध्यक्षपदासाठी उभ्या राहू पाहणाऱ्या उज्ज्वला थिटे यांचा अर्ज सूचकाची सही नाही म्हणून छाननीत बाद. हा अर्ज दाखल करायला थिटे पोलिस बंदोबस्तात पहाटे अनगरला पोहोचल्या होत्या. एका नगरपंचायतीचा अर्ज द्यायला बंदोबस्त लागतो, ही गोष्ट ज्यांना खटकत नाही त्यांनी लोकशाहीबद्दल बोलूच नये.

आमचे म्हणणे एकच आहे. मत देण्याचा हक्क जितका नागरिकाचा, तितकाच उभे राहण्याचा हक्कही त्याचा आहे. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही आपल्या गावचा कारभार मागता आला पाहिजे. या अर्जाची वाट अडवली की पुढची सारी निवडणूक निरर्थक होते. बिनविरोध जागेवर मतदाराला ‘नोटा’सुद्धा दाबता येत नाही. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य निवडणूक आयोगानेच २०१८ मध्ये काढला होता. मग जिथे मतदान यंत्रच मांडले जात नाही, तिथल्या मतदाराने नकार कुठे नोंदवायचा?

बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, गेवराई आणि धारूर या आपल्या बीड जिल्ह्यातल्या सहा नगरपालिकांत प्रचाराचे भोंगे वाजले, म्हणून आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. या जिल्ह्यात सरपंच होण्याची किंमत काय असते हे राज्याने पाहिले आहे. परळीत जून २०२४ मध्ये मरळवाडीच्या सरपंचांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून त्यांना मारले, असे तपास यंत्रणेचे दोषारोपपत्र सांगते. खटला न्यायालयात आहे, निकाल तिथे लागेल. पण केज, धारूर, परळीच्या खेड्यांत एखादा तरुण ‘मी उभा राहतो’ म्हणाला की त्याची आई आज पहिल्यांदा काय बोलते, हे विचारायला न्यायालयात जावे लागत नाही. भीतीने न भरलेल्या अर्जाची नोंद कोणत्याच कार्यालयात होत नाही. आयोगाच्या आकडेवारीत भरलेले, बाद झालेले आणि मागे घेतलेले अर्ज दिसतात. जो घराबाहेरच पडला नाही तो दिसत नाही.

ज्याने भीती बाजूला सारली, त्याला कागद अडवतात. नगरपालिकेच्या प्रभागात राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या एखाद्या बाईची पिशवी उघडून पाहा. मतदार यादीतल्या नावाचा उतारा, मालमत्ता आणि गुन्ह्यांबाबतचे शपथपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणूक खर्चासाठी काढलेले वेगळे बँक खाते, जातीचा दाखला आणि त्याची वैधता. वैधता ठरावीक मुदतीत दिली नाही तर निवडून आलेले पदही जाते. त्यात अर्ज आधी संगणकावर भरायचा. त्या प्रणालीची अवस्था अशी की शेवटच्या दोन-तीन दिवसांत आयोगालाच हाताने भरलेले अर्ज घ्या, रविवारीही घ्या, असे सांगावे लागले. पक्षाचा एबी फॉर्म येतो तो शेवटच्या दिवशी, आणि दुपारी तीन वाजता दार बंद. ज्यांच्या घरी वकील, लेखनिक आणि गाड्या आहेत त्यांची फाइल महिनाभर आधी तयार असते. बाकीच्यांची फाइल सेतू केंद्राच्या रांगेत अडकते.

विधानसभेच्या निवडणुकीत अर्ज घेतानाच काय कमी आहे त्याची यादी उमेदवाराच्या हातात दिली जाते. सूचकाची सही राहिली असेल तर ती तिथल्या तिथे दिसते. मग नगरपालिकेच्या, पंचायतीच्या उमेदवाराला ती चूक दुसऱ्या दिवशी छाननीत, दुरुस्तीची वेळ टळून गेल्यावर का कळावी? यात कायद्याची अडचण नाही, इच्छेची आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज टेबलावर घेतला की प्रत्येक रकाना उमेदवारासमोर वाचावा आणि त्रुटी लेखी द्यावी. एवढे केले तरी बाद होणारे कितीतरी अर्ज वाचतील.

पैशाचे तर बोलायलाच नको. अ वर्ग नगरपालिकेत खर्चाची मर्यादा २०२५ च्या निवडणुकीत नगराध्यक्षपदाला १५ लाख आणि सदस्याला ५ लाख झाली. एका प्रभागातून निवडून यायला ५ लाख रुपये हा अधिकृत हिशेब! महागाई वाढली हे खरे आहे. पण मर्यादा वाढवली की गरीब उमेदवाराचा खर्च वाढत नाही, त्याच्यासमोरच्या श्रीमंताला रान मोकळे मिळते.

आणि एक अट अशी आहे की जिच्याबद्दल या जिल्ह्याने तरी मोठ्याने बोलले पाहिजे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले की उमेदवारी गेली. अट नवऱ्यालाही आहे, बायकोलाही आहे. पण २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. मुलासाठी इतके हपापलेल्या समाजात तिसरे बाळंतपण कोण ठरवते हे सगळ्यांना माहीत आहे. निम्म्या जागा महिलांना राखीव ठेवायच्या आणि जो निर्णय बाईच्या हाती कधी नव्हताच त्याची शिक्षा तिला द्यायची, हे आम्हाला मान्य नाही.

आता पुढचे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत सर्व स्थानिक निवडणुका उरकायला सांगितल्या होत्या. बीड जिल्हा परिषदेची शेवटची निवडणूक २०१७ ची, मुदत संपली २०२२ मध्ये. तेव्हापासून प्रशासक. तेव्हा निवडणूक व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण २०२५ चा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या तेव्हाच कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे निघून गेल्या. नवरा-बायकोचा एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, राहायला फडाजवळची कोपी. एक दिवस कामावर आले नाही तर खाडा पडतो आणि तो पैशात वसूल होतो. या माणसाने गट किंवा गणातून उभे राहायचे ठरवले तर तो अर्ज भरायला, छाननीला, चिन्ह घ्यायला आणि नंतर प्रचाराला किती खाडे सोसणार? मतदानाच्या दिवशी मात्र त्याच फडांवर गाड्या जातात, टोळ्या भरून गावी आणल्या जातात आणि रात्री परत सोडल्या जातात. मतदार म्हणून त्याला दोनशे-तीनशे किलोमीटरवरून आणायची सोय होते. उमेदवार म्हणून त्याचा विचार आजवर कोणी केलेला नाही. ज्यांच्या घामावर राज्याचे साखर कारखाने चालतात, ज्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले, त्यांच्यातला कोयता हाती घेणारा माणूस जिल्हा परिषदेत किती वेळा बसला, हे प्रत्येक पक्षाने आपापल्या यादीत शोधावे.

अर्जाची वाट मोकळी करणे आयोगाला जमणार नाही असे आम्ही मानत नाही. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी त्या दोन्ही निवडणुका रद्द केल्या होत्या. तीच धमक आता दिसायला हवी. माघारीचा प्रत्येक अर्ज उमेदवाराला एकट्याला बसवून, कॅमेऱ्यासमोर घेतला पाहिजे. उमेदवाराने संरक्षण मागितले तर त्याच दिवशी पोलिस अधीक्षकांनी लेखी उत्तर दिले पाहिजे. ऊसपट्ट्यातल्या तहसील कार्यालयांत बीडच्या उमेदवारांची शपथपत्रे आणि कागद तपासून घेण्याची सोय हवी, आणि अर्जासाठी येणाऱ्या कामगाराचा खाडा धरणार नाही अशी हमी कारखान्यांकडून घ्यायला हवी. जानेवारीत तोडणी भरात असते. जिल्हा परिषदेच्या अर्जाच्या तारखा ठरवण्याआधी आयोगाने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कारखान्यांकडून बीडच्या टोळ्यांच्या याद्या मागवाव्यात.