चित्रदालन कीं मंडप?

ठाण्यास महापालिकेचें कलाभवन आहे, डोंबिवलीस भाऊ साठे यांचें शिल्पालय आहे, आणि ठाण्यापासून कल्याणापर्यंत प्रदर्शनें व कार्यशाळा यांस आतां तोटा राहिलेला नाहीं. चित्रें पाहावयाचीं तर मुंबईच्या जहांगीर दालनाकडेच धांव घ्यावी, ही जुनी सक्ति सुटत चालली, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु दालन उघडलें म्हणजे डोळे उघडले, असा जो समज आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ होत आहे, तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

उद्घाटनाचा थाट पाहावा. फीत, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचीं भाषणें आणि शेवटीं छायाचित्र. त्यासाठीं मंडळी उभी राहते ती चित्रांकडे पाठ करून! दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याच दालनांत चित्रकार आणि पहारेकरी एकमेकांचीं तोंडें पाहत बसतात.

कार्यशाळांची तऱ्हा याहून चमत्कारिक. 'दोन तासांत वारली चित्रकला' शिकविली जाते म्हणे! वारल्यांचा लग्नचौक सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर लिहावयाचा. त्यांत पालघाट देवी विराजमान झाल्याखेरीज लग्न लागत नसे. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांनीं ती रेघ कागदावर आणिली, जन्मभर तिची उपासना केली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आमचीं मुलें मात्र दोन त्रिकोण जोडून माणूस काढतात, तो पिशवीवर रंगवितात आणि प्रमाणपत्र घेऊन घरीं येतात. देवीची गोष्ट त्यांस कोणी सांगत नाहीं.

यावर असें म्हणतात कीं, सर्वांस थोडेंच चित्रकार व्हावयाचें आहे? चार घटका मुलें रमलीं, पुरे झालें. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. सर्वांस चित्रकार व्हावयाचें नाहीं, म्हणूनच पाहण्याचें शिक्षण हवें. लंडनच्या कामगार महाविद्यालयांत रस्किन १८५४ पासून मजुरांस रेखाटन शिकवूं लागला, तो सुताराचा चित्रकार करावा म्हणून नव्हे. त्यास नजर यावी म्हणून. त्याच सालीं कल्याणास आगगाडी आली. गाडीनें आम्हांस धांवावयास शिकविलें. थांबून पाहावयास कोणी शिकवावयाचें?

असें शिक्षण आपल्याकडे नव्हतें असेंही नाहीं. गणेशोत्सवापूर्वीं मूर्तिकारांच्या कारखान्याच्या दारांत मुलें तासन् तास उभीं राहत. मातीच्या गोळ्यांतून सोंड कशी निघते, डोळ्यांची आंखणी शेवटीं कां करतात, हें त्यांस न शिकवितां कळे. भाऊ साठे हे कल्याणच्या अशाच मूर्तिकार घराण्यांतले; गेटवेजवळ १९६१ सालीं उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. त्या कारखान्यांच्या दारांस फीत नव्हती. पण कारागीर रोज कामावर होता आणि मूल रोज येत होतें.

आमचें मागणें एवढेंच: समारंभ कमी करून प्रदर्शनाचे दिवस वाढवावेत, संध्याकाळच्या गाड्यांनीं परतणाऱ्यांसाठीं दारें रात्रीं नवापर्यंत उघडीं ठेवावींत, वारली शिकवावयाची तर वारली कलावंतास योग्य मानधन देऊन महिनाभर बोलवावें, आणि आईबापांनीं मुलासह एका चित्रापुढें पाव तास मुकाट्यानें उभें राहावें. एवढेंही होत नसेल, तर भाड्याच्या मंडपास दालन म्हणणें आतां सोडावें.