कानातला आवाज, समोरचा माणूस

नोकरीत असताना भोकरदन तालुक्यातल्या एका शाखेत होतो. बाजाराच्या दिवशी एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा म्हणाला, "साहेब, आईच्या खात्यावर किती शिल्लक आहे?" बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी लेजर मिटलं. म्हटलं, "मावशी, पासबुक घेऊन या, मग सांगतो." दोन दिवसांनी त्या आल्या, एकट्याच.

हे आठवायचं कारण म्हणजे बोलणारी यंत्रं. रिझर्व्ह बँकेनं २००६ साली प्रतिनिधींमार्फत बँकसेवेला मुभा दिली आणि पुढे खेड्यापाड्यांत 'बँक मित्र' आला. आता मराठी बोलणारं यंत्र येऊ घातलंय. शिल्लक विचारली की ते ठणठणीत आवाजात सांगणार. शेजारी कोण उभं आहे, हे त्याला कोण शिकवणार?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक वेगळाच प्रयोग केला. समोरचा माणूस बोलतो, पण त्याचा शब्दन् शब्द दूर बसलेला दुसराच कुणी त्याच्या कानात सांगत असतो. ऐकणाऱ्यांना सहसा पत्ता लागत नसे. अगदी समोर लहान मूल आणि शब्द प्रौढाचे असले, तरीही! लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनीही अलीकडे हा प्रयोग पुन्हा करून पाहिला.

मला वाटतं, यंत्र घडवणाऱ्यांनी आधी हेच करावं. बँक मित्राच्या कानात यंत्राची वाक्यं सांगावीत, त्यानं तीच बोलावीत. कुठे त्याची जीभ अडखळते, कुठे समोरच्या बाई मान खाली घालतात, ते टिपावं. चूक तिथेच कळेल, कोट्यवधी रुपये खर्च होण्याआधी. अर्थात गिऱ्हाइकाला आधी सांगून, त्याच्या संमतीनं. न सांगता केलं, तर तो प्रयोग नव्हे, फसवणूक.

आणि फसवणूक करणाऱ्यांना ही विद्या आधीच साधली आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकानं फोन कानाला लावून म्हातारी माणसं बँकेत येतात आणि दूरच्या आवाजाच्या हुकमानं आयुष्यभराची पुंजी पाठवतात. तिथे खिडकीतल्या कारकुनानं मान वर करून विचारावं, "काका, फोनवर कोण आहे?"

मावशींना मी काही नियम सांगितला नव्हता. फक्त त्यांच्याकडे पाहिलं होतं. यंत्राला तेवढं जमेपर्यंत खिडकीत माणूस असू द्यावा.