लेकीचं बरोबर, बाईंचं चूक!



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वेरूळला गेलो होतो. चुडाव्याहून पूर्णा, तिथून रेल्वेने छत्रपती संभाजीनगर आणि पुढे एस.टी. सोबत हे, सासूबाई आणि सहावीतली माझी लेक. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. (तुम्ही जाल तेव्हा मंगळवार टाळा बरं का, त्या दिवशी लेणी बंद असतात.)

कैलास लेणं पाहून सगळे गप्पच झालो. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला! तेवढ्यात लेकीला खडकात बोराएवढं भोक दिसलं. आत पांढरे स्फटिक चमकत होते.

"आई, हेही कोरलंय?"

"नाही गं. हा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हारस. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वाहिला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. पुढे झिरपणाऱ्या पाण्यामुळे आत स्फटिक झाले."

"मग लाव्हारसात माणूस जाईल एवढी गुहा आपोआप होत असेल?"

"छे! गुहा एक तर माणूस कोरतो, नाही तर पाणी," मी ठासून सांगितलं. लेक हिरमुसली.

घरी आल्यावर मात्र मनाला चुटपुट लागली. पुस्तकं चाळली, तर काय! लेकीचंच बरोबर निघालं.

ताटात वाढलेलं गरम पिठलं आठवा. वरून साय धरते, गार दिसतं. बोट घातलं की चटका! लाव्हारसाचंही तसंच. वाहता वाहता वरचा थर थंड होऊन दगड होतो. त्या छपराखाली उष्णता टिकते आणि आतला रस वाहत राहतो. मागून येणारा रस थांबला की आतला उतारावरून निघून जातो. मागे उरतो पोकळ बोगदा. यालाच लाव्हा नळी म्हणतात.

हवाई बेटावरची काझुमुरा ही अशी गुहा ६० किलोमीटरहून लांब आहे! दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या मांजांगगुल गुहेची लांबी ७ किलोमीटरहून जास्त. आपल्या दख्खनच्या खडकांतही अशा नळ्यांच्या खुणा भूशास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. आणि चंद्रावर? २००९ साली जपानच्या 'कागुया' यानाच्या छायाचित्रांत तिथे एक खोल विवर दिसलं. ते अशाच नळीचं छत कोसळून झालं असावं, असं शास्त्रज्ञांना वाटतं. उद्या चंद्रावर राहायला गेलेली माणसं कडक ऊन, थंडी आणि घातक किरणांपासून बचावासाठी अशाच गुहांचा आसरा घेतील कदाचित!

शाळा उघडली. हीच चूक मी वर्गातही शिकवली होती. कुणाला कळलंही नसतं. पण फळ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मुलांनो, गुहांबद्दल मी अर्धंच सांगितलं होतं. ते खोडा." क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग अजून काय काय चुकलंय?" वर्ग खो खो हसला, मीही हसले. त्या दिवसापासून प्रश्न विचारणारे हात मात्र वाढले.

तेव्हा दोस्तांनो, मोठ्यांनी "छे!" म्हटलं तरी प्रश्न सोडू नका. फक्त एक ध्यानात ठेवा, अंधाऱ्या गुहेत एकट्याने कधीच शिरायचं नाही. प्रश्न मात्र एकट्यानेही विचारायचा!

तुमच्या बाई