वाकड्या बोटांची वाट पाहणारी व्यवस्था

सकाळी सहाला नळाला पाणी येते. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन धावतात. आम्ही मात्र त्या वेळी अंथरुणात बसून बोटे उघडण्याची वाट पाहत असतो. मूठ वळत नाही, पाऊल जमिनीवर टेकवत नाही. हात सैल व्हायला तास-दीड तास लागतो, तोवर पाणी गेलेले असते. घरचे म्हणतात, ‘काल रात्री तर बरी होतीस!’ शेजारीण म्हणते, ‘कामाचा कंटाळा, दुसरे काय!’

आम्ही म्हणजे संधिवाताचे रुग्ण. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आमच्या दुखण्याला कुणी आमवात म्हणतात, डॉक्टर चिठ्ठीवर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहितात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात सांध्यांवर उलटते. आधी हातापायांची लहान पेरे सुजतात, मग मनगट, कोपर, गुडघा. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दुपटी-तिपटीने होतो आणि बहुधा ऐन कमावत्या वयात होतो. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांचा नेमका हातच तो पकडतो. भाकरी थापता येत नाही, धुणे पिळता येत नाही, पोलक्याचे हूक लागत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही. दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईने या हातांनी काय करायचे?

या प्रश्नाला आपल्या देशात एक जुने उत्तर तयार असते. मागच्या जन्मीचे पाप! ज्या कर्मसिद्धान्ताने आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले, तोच आता आमच्या सांध्यांत येऊन बसला आहे. समाजबांधवांनो, ज्यांनी जातीच्या बाबतीत हे उत्तर फेकून दिले, त्यांनी आजाराच्या बाबतीत ते घरात का येऊ द्यावे? रोगाला कारण असते आणि त्यावर उपचार असतो. पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध सुरू झाले तर बहुतेकांचे सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. मेथोट्रेक्झेट हे त्यातले मुख्य आणि फारसे महाग नसलेले औषध. त्याची मात्रा आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. अधूनमधून रक्त तपासावे लागते, गरोदरपणात हे औषध चालत नाही. हे सारे समजावून सांगणारा डॉक्टर बहुधा जिल्ह्याच्या गावी किंवा मोठ्या शहरातच भेटतो. तिथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून आमच्या बायका बाजारातल्या वैदूची पुडी घेतात. पुडीने दोन दिवसांत आराम पडतो, कारण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. पुढे हाडे ठिसूळ होतात आणि तोवर बोटेही वाकलेली असतात.

बोटे वाकली की मग सरकारला आमचे दुखणे दिसू लागते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा आम्हाला सांगण्यात आले, ‘अजून बोटे सरळ आहेत, टक्के बसणार नाहीत.’ २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्या यादीत आमच्या आजाराचे नाव नाही. हालचालीच्या अपंगत्वात बसलो तरच बसलो, आणि नोकरीतले आरक्षण हवे तर किमान ४० टक्के हवेत. सांधा किती वळतो, जोर किती लागतो, यावर टक्के ठरतात. पण सकाळी सातची ताठरता दुपारी बाराला कशी मोजणार? तापासारखा अंगात मुरलेला थकवा कोणत्या पट्टीने मोजणार? म्हणजे जी वेळेवर औषध घेऊन बोटे वाचवते तिला दाखला नाही, आणि जिला औषध मिळाले नाही तिला हात गेल्यावर दाखला. हा कुठला न्याय?

सरकारने आम्हाला ‘दिव्यांग’ हे नाव मात्र तत्परतेने दिले. गोड नावांचा अनुभव या समाजाला नवा नाही. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घातले जात असताना बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह निषेध करून सभागृहाबाहेर पडले होते. नाव बदलल्याने नळ जवळ येत नाही आणि एस. टी.ची पायरी खाली येत नाही. आम्हाला अंगात दिव्य काही नको. बसमध्ये राखीव जागेवर बसल्यावर ‘धडधाकट तर दिसता’ असे ऐकावे लागू नये, एवढेच पुरे.

आजारी माणसाला मदत करणे ही दया नव्हे, हे बाबासाहेबांनी राज्यकारभारातून दाखवले. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली गेली आणि १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु अनुच्छेद ३७ याच तत्त्वांना राज्यकारभारात मूलभूत मानतो. २०१६ चा कायदाही सांगतो की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये. पण आमची सफाई कामगार भगिनी आज ठेकेदाराकडे आहे. तिच्या हातून झाडू सुटला त्या दिवशी तिची नोकरीही सुटते. हक्क कायमच्या नोकरीला आणि घाण उपसणे ठेक्यावर, ही नवी वर्णव्यवस्थाच नव्हे काय?

सरकारला जाब विचारताना आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपली किती विहारे पहिल्या मजल्यावर आहेत? किती सभांत चार तास सतरंजीवर मांडी घालून बसावे लागते? ज्या बाईला मांडी घालता येत नाही, ती आधी भिंतीला टेकते, मग दाराशी बसते आणि मग यायचीच बंद होते. आपण म्हणतो, अमुक ताई आता चळवळीत दिसत नाहीत. त्या का दिसत नाहीत, हे त्यांच्या घरी जाऊन कुणी विचारले आहे का?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात या आजाराची तपासणी आणि औषधे नियमित मिळाली पाहिजेत. टक्के ठरवताना वाकडेपणाबरोबर वेदना, ताठरता आणि थकवाही धरला गेला पाहिजे. ठेक्यावरच्या कामगारालाही हलके काम मागण्याचा हक्क मिळाला पाहिजे. आणि येत्या १४ एप्रिलच्या मंडपात पुढच्या रांगेत दहा खुर्च्या अशा ठेवाव्यात, ज्यांवर पाहुणे बसणार नाहीत. शेवटच्या मागणीला सरकारची मंजुरी लागत नाही. सुरुवात तिथूनच करू या.