आकड्यांचा मोठेपणा

कारवारहून दांडेलीकडे जाताना घाट चढून वर आले, की अणशी लागते. सभोवार काळी व्याघ्र प्रकल्पाचे दाट अरण्य. समजा, येथे एखाद्या कुटुंबाने प्रवाशांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि आपले संकेतस्थळ सुरू केले. लवकरच कोणीतरी सांगत येतो, "तुमच्या स्थळाची पत शंभरांत अवघी सात! इतके पैसे द्या, चाळीस करून देतो." घामाचा पैसा अशा आकड्यापायी जाऊ नये, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

हा आकडा आला कोठून? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी एक विचार मांडला. एका पृष्ठाने दुसऱ्या पृष्ठाचा दुवा दिला, तर ती शिफारस समजावी. आणि शिफारस करणारा जितका मान्यवर, तितके तिचे वजन अधिक. गूगलचा पाया या तत्त्वावर रचला गेला. पुढे तो गुणांक शून्य ते दहा असा लोकांस दिसू लागला आणि दुव्यांचा बाजार भरला. २०१६ साली तो दाखविणे बंद झाले. 'अलेक्सा'चा क्रमांकही असाच गाजला. ज्यांनी तिचे साधन आपल्या संगणकावर बसविले होते, मुख्यतः त्यांच्याच वावरावरून तो ठरे. साहजिकच लहान स्थळांचा क्रमांक मूठभर मंडळींच्या खटपटीनेही वर चढे. मे २०२२ मध्ये तीही सेवा थांबली. आज शंभरांपैकी गुण सांगितले जातात, ते खासगी कंपन्यांचे अंदाज होत. क्रम लावताना गूगल ते गुण वापरीत नाही.

मग विकतचे दुवे घेऊन गुण वाढविले, तर काय साधेल? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! क्रम वाढविण्यासाठी दुव्यांची खरेदी-विक्री करणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. २०१२ साली तिने अशा कृत्रिम दुव्यांविरुद्ध कठोर उपाय योजले, तेव्हा कित्येक स्थळे एकाएकी मागे पडली.

याचा अर्थ दुवे निरुपयोगी, असा मात्र नव्हे. ज्याला आपल्याविषयी खरोखर काही ठाऊक आहे, त्याने दिलेला दुवा मोलाचा. तो मिळावा, यासाठी आपल्याजवळ सांगण्यासारखे काही हवे. अणशीच्या त्या कुटुंबाने पावसाळ्यात घाटरस्त्याची स्थिती वेळोवेळी कळवावी. परिसरात धनेश कोठे, कोणत्या ऋतूत दिसतो ते लिहावे. जोयड्यातील कुणबी घरांतून कोणते कंद कसे रांधतात, ते छायाचित्रांसह सांगावे. अशी माहिती पक्षिनिरीक्षकास, प्रवासवर्णन लिहिणाऱ्यास, कारवारच्या वार्ताहरास उपयोगी पडते, आणि तो आपण होऊन तिचा निर्देश करतो. असा एक दुवा शंभर विकतच्या दुव्यांहून सरस, कारण त्यावरून येणारा माणूस खरोखरीच अणशीला निघालेला असतो.

म्हणून आमचे वाचकांस सांगणे इतकेच: महिनाअखेर गुणांक पाहत बसू नये. किती जणांनी चौकशी केली, किती जण राहून गेले आणि त्यांना आपले नाव कोणाकडून कळले, याची घरच्या वहीत नोंद ठेवावी. गावात पत अशीच मिळत आली आहे. नव्या माध्यमातही तिला दुसरी वाट नाही.