नवी बंदूक ताठ आहे? कानस लावू नका



आज खताचं-पाण्याचं नाही, राखणीचं लिहितो. आपल्या कोकणात भाताला लोंबी आली की रानडुकरं उतरतात, म्हणून बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीला मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. म्हणून ठासणीवरून काडतुसाच्या दुनळीवर येणारे बरेच आहेत. आणि नवी दुनळी घरी आली की पहिली तक्रार एकच, "उघडताना दम निघतो, बंद करताना दोन हात पुरत नाहीत."

मग कोणीतरी शहाणा सांगतो, जरा कानस मारून घे. तालुक्याला एक जण "दोन मिनिटांत मऊ करून देतो" म्हणून बसलेलाच असतो. माझं मत स्पष्ट आहे. नव्या बंदुकीचा ताठपणा हा दोष नाही, तो तुम्ही पैसे मोजून घेतलेला माल आहे. तो कानशीने काढून टाकणं म्हणजे नव्या ट्रॅक्टरचे टायर रस्त्यावर घासून मऊ करण्यासारखं.

कारण समजून घ्या. नळ्यांच्या खाली लोखंडी आकडा असतो, तो पुढच्या जाड खिळीवर फिरतो. ही झाली बिजागरी. मागे नळ्यांच्या खाचेत एक पट्टी घुसून कुलूप लावते, तीच वरच्या खटक्याने मागे सरते. बार निघतो तेव्हा सगळा दाब या जोडावर येतो. म्हणून चांगला कारागीर इथं धातू घट्ट बसवतो, पुढच्या झिजेसाठी जागा ठेवतो. खूण बघायची असेल तर बंदूक बंद करून मागून खटका बघा. नवीन असताना तो बहुतेक वेळा मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबतो. वापराने हळूहळू मध्यावर येतो. मध्य ओलांडून डावीकडे गेला की समजायचं, बंदूक जुनी झाली. कानस मारणारा हा सगळा प्रवास एका दुपारी उरकतो.

दुसरं म्हणजे सगळा ताठपणा घासण्याचा नसतोच. ज्या दुनळीचे घोडे आत असतात, तिच्यात नळ्या खाली केल्या की घोडे चढतात. 1875 साली बर्मिंगहॅमच्या अॅन्सन आणि डीली यांनी पेटंट घेतलेली ही रचना आजही चालते. म्हणजे उघडताना तुम्ही दोन जाड स्प्रिंगा दाबत असता. रिकामी काडतुसं बाहेर फेकणारी बंदूक असेल तर बंद करताना आणखी दोन स्प्रिंगा दाबाव्या लागतात. तिथं कितीही घासा, काही फरक पडायचा नाही.

मग करायचं काय? आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. कारखान्यातून येताना लावलेलं घट्ट ग्रीस फडक्याने पुसून काढा, अर्धा ताठपणा बऱ्याचदा तिथंच असतो. मग आकडा, खिळी, कुलपाची खाच आणि पुढचं लाकूड जिथं लोखंडाला घासतं तिथं चांगल्या ग्रीसचा पातळ हात द्या. पातळ म्हणजे पातळ, बैलगाडीच्या आसाला वंगण थापल्यासारखं नको.

उघडताना दस्ता काखेखाली कमरेला दाबून धरा, अंगठ्याने खटका पुरता उजवीकडे ढकला आणि डाव्या हाताने नळ्या शेवटपर्यंत खाली न्या. अर्ध्यावर सोडलं तर घोडे चढत नाहीत आणि तुम्ही म्हणता बंदूक अडकली. गुडघ्यावर आपटून उघडू नका. बंद करताना सिनेमातल्यासारखा झटका नको, दोन्ही हातांनी सावकाश मिटवा. रोज वीस-पंचवीस वेळा करा. ग्रीस काळं पडेल, ती झिजलेल्या लोखंडाची भुकटी आहे. पुसा, नवं लावा. काही आठवड्यांत फरक कळेल. पुरता मऊपणा यायला मात्र हंगाम जावा लागतो.

इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवायची पेस्ट लावू नका. ती कुठं थांबायचं ते ओळखत नाही. आणि आपली तांबडी माती तरी काय वेगळी? ग्रीसमध्ये बसली की तीही पेस्टच. म्हणून शेतातून आलं की जोड पुसायचा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आधी तेलाचं फडकं फिरवून द्या.

खरे दोष वेगळे असतात, तेही सांगतो. खटका आपोआप परत येत नाही, एकाच जागी लोखंड खरवडून खोल चरा पडतो, किंवा रिकामी सहज उघडते पण बार काढल्यावर अडकते. शेवटच्या प्रकारात कधीकधी टोची मागे न सरता काडतुसात रुतलेली असते. अशा वेळी जोर करू नका, बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे न्या. दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो, हे कानसवाल्याला विचारून बघा.

हे सगळं एवढं लावून का धरतो? जोड सैल झाला की नळ्या आणि मागची पाटी यांत फट पडते, आणि ती फट तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असते. आणि ताठ बंदुकीशी पहिली झटापट रात्री माळ्यावर, भरलेल्या नळ्यांनिशी, शेजारी राखणीला पोरगा बसलेला असताना करायची नसते. ती घरी, दिवसाउजेडी, रिकाम्या बंदुकीवर करायची. आणि परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही. जनावर मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

बंदूक आपण आयुष्यात एकदाच घेतो, मागे पोरांना ठेवून जातो. त्यांच्या वाटणीची झीज आपण आजच खाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.